नवीन बाथरूम, तीनच महिन्यांत जॉइंट उघडे आणि नळांवर पांढरे थर. निगा कशी राखायची?

मोगरा | १४ जून, सकाळी ११.२०

नमस्कार मंडळी. मार्चमध्ये आमच्या धायरीच्या फ्लॅटमधली मोठी बाथरूम पूर्ण फोडून नवीन केली. सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, उंच उंबरा ओलांडणं आणि खाली बसायचा संडास त्यांना झेपेना, म्हणून. सव्वीस दिवस काम चाललं. जुना कोबा काढला, वॉटरप्रूफिंग नव्याने केलं. खाली मॅट टाईल, भिंतीला पांढरी टाईल, कमोडशेजारी धरायला दांडा, क्रोमचे नळ, शॉवरपाशी काच. दोन वर्षं पैसे बाजूला टाकत केलेलं काम आहे, त्यामुळे जीव अडकलाय त्यात.

आजची अवस्था सांगते. नळांच्या बुडाशी पांढरा खरखरीत थर बसलाय, नखाने खरवडला की पापुद्रा निघतो. काचेवर ठिपके आहेत, पुसले तरी वाळल्यावर पुन्हा दिसतात. पण खरं काळजीचं म्हणजे फरशीचे जॉइंट. काल न्हाणी ट्रॅपच्या, म्हणजे फरशीवरचं पाणी जायच्या जाळीच्या, कडेने टूथपिक फिरवून पाहिली, तर राखाडी भुगा निघाला आणि टूथपिक निम्मी आत गेली.

साफसफाईला येणाऱ्या मावशी आठवड्यातून दोनदा अ‍ॅसिड टाकून घासतात. जुन्या बाथरूमलाही हेच चालायचं, म्हणून मी काही बोलले नव्हते. ठेकेदाराला फोन केला तर म्हणाला, तुमच्या वापरात चूक आहे.

आणि परवा खालचे काका येऊन सांगून गेले की त्यांच्या बाथरूमच्या छतावर बशीएवढा ओलसर डाग आलाय. माणूस भला आहे, आवाज चढवला नाही, चहा घेऊन गेले. पण मला रात्री झोप लागली नाही. आधी काय करू?

जुना_पेठकर | १४ जून, सकाळी ११.४१

अ‍ॅसिड आजच्या आज बंद करा. घरात उरलेली बाटली असेल तर बाल्कनीत ठेवा, बाथरूममध्ये नको. बाकीचं जाणकार सांगतीलच.

मुठेकाठी | १४ जून, दुपारी १२.०५

जरा वेगळं मत. आमच्याकडे तीस वर्षं महिन्यातून एकदा अ‍ॅसिड मारतात, फरशीला काही झालेलं नाही. मावशींना उगाच बोल नको. ठेकेदाराने जॉइंटमध्ये माल कमी भरला असेल.

प्रयोगशाळा | १४ जून, दुपारी २.३०

मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते, आणि हा विषय माझ्या घरीही होऊन गेलाय, म्हणून सविस्तर लिहिते.

बाजारात फरशीचं अ‍ॅसिड म्हणून मिळतं ते हायड्रोक्लोरिक आम्ल. संडास धुवायच्या बहुतेक द्रवांतही तेच असतं, फक्त कमी तीव्र. नळावरचा पांढरा थर म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट. आम्ल पडलं की फेस येतो, थर विरघळतो, आणि आपल्याला वाटतं काम झालं. पण टाईलमधलं साधं ग्राउट, म्हणजे जॉइंटमध्ये भरायचा माल, सिमेंटचं असतं आणि सिमेंटमध्येही कॅल्शियमच आहे. आम्लाला थर कुठला आणि जॉइंट कुठला हे कळत नाही, ते दोन्ही खातं. आठवड्यातून दोनदा म्हणजे तीन महिन्यांत पंचवीसएक वेळा. टूथपिकला लागला तो भुगा म्हणजे सिमेंटचा चिकटपणा गेल्यावर उरलेली रेती आहे.

@मुठेकाठी, तुमचा अनुभव खोटा नाही. पूर्वी टाईल एकमेकींना चिकटवून बसवायचे, जॉइंट जेमतेम केसाएवढा असायचा. आता मध्ये स्पेसर घालून दोन-तीन मिलिमीटर फट ठेवतात. ती फट ठेवणं योग्यच आहे, पण त्यामुळे उघडं ग्राउट कितीतरी जास्त असतं. शिवाय तुमच्याकडे महिन्यातून एकदा, त्यांच्याकडे आठ वेळा.

क्रोमचा मुलामाही हे आम्ल खातं. स्टीलच्या जाळीवर बारीक टोचल्यासारखे डाग पडतात तेही त्यातल्या क्लोराइडमुळे.

हा थर येतो कुठून? धायरीत तुम्हाला टँकर किंवा बोअरचं पाणी येत असणार. खडकवासल्याचं पाणी त्या मानाने मऊ असतं. बोअरचं पाणी आपल्या काळ्या बेसाल्ट खडकाच्या भेगांतून झिरपत येतं आणि येताना कॅल्शियम-मॅग्नेशियम घेऊन येतं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात (आयएस १०५००, २०१२) एकूण कठीणपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा असं म्हटलंय, दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्यावा असं. सोसायटीने एकदा प्रयोगशाळेतून पाणी तपासून घ्या. टीडीएसचं पेन सगळे विरघळलेले क्षार मिळून आकडा दाखवतं, त्यावरून कठीणपणा नेमका कळत नाही.

थर काढायला सायट्रिक अ‍ॅसिडची पूड, म्हणजे आपलं लिंबूसत्व. रविवार पेठेत बोहरी आळीत सुटं मिळतं, वाण्याकडेही असतं. लिटरभर कोमट पाण्यात दोन-तीन मोठे चमचे. त्यात जुनं फडकं भिजवून फक्त नळाच्या बुडाशी गुंडाळा, दहा मिनिटांनी काढा, मऊ फडक्याने पुसा आणि भरपूर पाण्याने धुवा. हेही आम्लच आहे, सौम्य इतकंच. म्हणून फरशीभर ओतायचं नाही, जॉइंटवर साचू द्यायचं नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. अ‍ॅसिड आणि ब्लीच, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइटचं कुठलंही द्रव, कधीही एकत्र येऊ देऊ नका. एक टाकून न धुता दुसरं टाकलं तरी क्लोरीन वायू निघतो. छोट्या बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेतू शकतो. व्हिनेगर किंवा लिंबूसत्वाबरोबरही नाही. मावशींना हे नीट समजावून सांगा. त्या दार लावून खाली बसून घासतात, धूर सगळ्यात आधी त्यांच्या छातीत जातो.

मुठेकाठी | १४ जून, दुपारी ३.१०

जॉइंटची फट हा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता. धन्यवाद मॅडम. आमच्याकडेही बंद करतो.

मोगरा | १४ जून, दुपारी ४.००

मावशींशी बोलले. त्या म्हणाल्या, "ताई, हात जळतो माझा त्याने, पण डाग राहिला तर तुम्ही म्हणाल काम केलं नाही." ऐकून फार वाईट वाटलं. माझ्या हे आधी लक्षात यायला हवं होतं. बाटली काढून टाकली. आता छताच्या डागाचं कोणी सांगाल का?

कोबा_ते_छत | १४ जून, रात्री ९.१५

ताई, मी बत्तीस वर्षं साइटवर आहे. आधी धीर धरा. नवीन काम झाल्यावर खाली डाग दिसला म्हणजे लगेच सगळं फोडायचं असं नसतं. कोबा, मसाला, टाईलखालचं सिमेंट यात कामाच्या वेळचं पाणी अडकलेलं असतं, ते वाळायला काही आठवडे जातात. पण तुमच्याकडे काम होऊन तीन महिने झालेत आणि डाग आत्ता आलाय. त्यामुळे शोधायला हवं.

पहिली गोष्ट. खालच्या काकांच्या परवानगीने छतावर डागाच्या कडेने पेन्सिलने रेघ मारा आणि बाजूला तारीख लिहा. उद्या पुन्हा बघा. डोळ्याच्या अंदाजावर भांडणं होतात, पेन्सिलवर होत नाहीत.

मग एकेक करून वगळत जायचं.

दोन दिवस ती बाथरूम अजिबात वापरू नका, पण नळांचा पाणीपुरवठा चालू ठेवा. डाग तरी वाढला, तर भिंतीतली दाबाची लाइन कुठेतरी पाझरतेय. ती दिवसरात्र गळते, अंघोळ करा नाहीतर नका करू. वाढला नाही, तर लाइन ठीक आहे असं धरा.

मग फक्त कमोड वापरा. फ्लशच्या टाकीत खायचा लाल रंग घाला. अर्धा तास फ्लश न करता थांबा. भांड्यात लाल उतरलं तर टाकीचं वॉशर गळतंय, तो वेगळा विषय. मग आठ-दहा वेळा फ्लश करा. खाली डाग वाढला किंवा लालसर दिसला, तर कमोडचा खालचा जोड.

शेवटी पाँडिंग. न्हाणी ट्रॅपच्या तोंडात पॉलिथिनमध्ये गुंडाळलेलं फडकं घट्ट कोंबा, दाराशी मातीची किंवा सिमेंटची बारीक पाळ घाला, दोन इंच पाणी भरा. पाण्याच्या पातळीवर टाईलला खूण करा. किमान २४ तास, मी ४८ ठेवायला सांगतो. खरं तर ही टेस्ट टाईल लावायच्या आधी, वॉटरप्रूफिंग झाल्याझाल्या करायची असते. तेव्हा केली होती का? ठेकेदाराने फोटो दिलेत का?

तुमचा ट्रॅपच्या कडेचा जॉइंट गेलाय हे वाचून माझा संशय तिथेच आहे. वॉटरप्रूफिंगचा थर सलग असतो, त्याला भोक पडतं ते फक्त पाइप जिथून खाली जातो तिथे. सगळ्यात कच्ची जागा तीच. जॉइंट धड असतील तर तिथपर्यंत पाणी फारसं पोहोचतच नाही, सगळं जाळीतून जातं. जॉइंट उघडे पडले की रोजचं पाणी टाईलखाली उतरतं, कोब्याच्या उतारावरून पाइपाकडेच जातं, आणि तिथे जरा जरी फट असली की खालच्यांचं छत.

सातवा_मजला | १५ जून, सकाळी ८.३०

खर्चाबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहितो, मी आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी आहे. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे पावसाच्या पाण्याची आणि बाहेरच्या सामायिक नळांची गळती संस्थेने दुरुस्त करायची असते. सभासदाने घरात केलेल्या कामातून गळती झाली तर खर्च त्याचा. मोगराताई, कमिटीला एक लेखी पत्र आत्ताच द्या, आम्ही तपास करतोय म्हणून. पुढे गैरसमज होत नाहीत.

मोगरा | २४ जून, संध्याकाळी ६.४५

कोबा_ते_छत काका, तुम्ही सांगितलंत तसंच सगळं केलं. बाथरूम बंद ठेवली ते दोन दिवस सासूबाईंना छोट्या बाथरूममध्ये न्यायला जरा कसरत झाली, पण जमलं. डाग पेन्सिलच्या आतच राहिला. लाल रंगाचंही काही नाही. पाँडिंगला दुसऱ्या दिवशी सकाळी काकांनी खालून हाक मारली. डाग रेघेच्या बाहेर दोन बोटं गेला होता, आणि बरोबर ट्रॅपच्या बाजूला.

ठेकेदाराला पेन्सिलच्या रेघांचे तारखांसकट फोटो पाठवले. मग मात्र तो आला. ट्रॅपभोवतीच्या चार टाईल काढल्या. पाइपाभोवती नुसतं सिमेंट लिंपलेलं होतं, ते पाइपापासून सुटलेलं, पोस्टकार्ड आत जाईल एवढी फट. ते सगळं खरवडून त्याने न आकसणारं ग्राउट भरलं, वर पॉलिमरचे दोन हात मारले. या वेळी मी टाईल लावायच्या आधी पाणी भरायला लावलं. ४८ तास. खालची रेघ हलली नाही.

आता बाकीच्या जॉइंटचं काय? पुन्हा सिमेंटचंच भरू की इपॉक्सी?

कोबा_ते_छत | २४ जून, रात्री १०.००

छान केलंत, पाणी भरायला लावलंत ते फार बरं. ओल्या भागात इपॉक्सीच करा. रेझिन आणि हार्डनर एकत्र करून भरतात, ते पाणी पीत नाही, डाग धरत नाही. महाग आहे आणि हात बसलेला कारागीर लागतो, कारण तास-दीड तासात ते कडक व्हायला लागतं. भरता भरता टाईलवरची सायीसारखी पुटी तिथल्या तिथे ओल्या स्पंजने काढायला हवी, राहिली की मॅट टाईलवरून निघत नाही. हे तुम्ही स्वतः समोर उभं राहून बघा.

आधी जुनं ग्राउट टाईलच्या निम्म्या जाडीपर्यंत तरी खरवडून काढायचं. वरून थापलं तर सहा महिन्यांत पोपडे. आणि जॉइंट पूर्ण सुकल्याशिवाय भरायचं नाही. पावसाळ्याचे दिवस आहेत, पंखा लावून दोन-तीन दिवस सुकवा.

कोपऱ्यांत, म्हणजे भिंत आणि फरशी भेटते तिथे, आणि कमोडच्या बुडाशी ग्राउट नको, सिलिकॉन हवं. भिंत आणि फरशी वेगवेगळ्या हलतात, कडक माल तिथे तडकतो. बाथरूमसाठीचं बुरशीरोधक सिलिकॉन मागा. जुन्यावर नवीन चिकटत नाही, आधी पूर्ण कापून काढा. नंतर २४ तास पाणी नाही. आरशामागे किंवा दगडाला मात्र व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन लावू नका, न्यूट्रल घ्या.

घाटमाथा | २५ जून, सकाळी ७.५०

आम्ही बाणेरला, सहा वर्षांपूर्वी केलेली बाथरूम अजून नव्यासारखी आहे. एकच सवय आहे आमच्या घरात. शेवटी अंघोळ करणाऱ्याने काच आणि फरशी वायपरने ओढायची. एक मिनिट लागतं. पाणी तिथे वाळलंच नाही तर क्षार राहणार कुठून? मुलं आधी कुरकुरली, आता हात आपोआप जातो. आणि दार उघडं, एक्झॉस्ट अंघोळीनंतर वीस मिनिटं चालू. ओले टॉवेल आत नाही ठेवत.

जुना_पेठकर | २५ जून, सकाळी ९.३०

घाटमाथा यांचं वाचून आमच्या सदाशिव पेठेतल्या वाड्यातली मोरी आठवली. शहाबादी फरशी, कोपऱ्यात तांब्याचा बंब. आजीचा नियम होता, अंघोळ झाली की खराट्याने पाणी ओढून मगच बाहेर यायचं. फरशी कायम कोरडी आणि पायाला उबदार. दिवाळीआधी बंब चिंचेने घासायचे, अख्खा वाडा आंबट वासाने भरायचा. पण चिंचेचं ते पाणी फरशीवर सांडलं की आजी लगेच घागरभर पाणी ओतायला लावायची, फरशी खराब होते म्हणून. आम्हाला वाटायचं तिची शिस्तच कडक.

प्रयोगशाळा | २५ जून, सकाळी १०.१५

आजींचं शंभर टक्के बरोबर होतं. शहाबादी म्हणजे चुनखडीचा दगड, कोटाही तोच, कडप्पाही तोच. संगमरवर त्याच कुळातला. या सगळ्यांवर लिंबू, चिंच, व्हिनेगर काहीही पडलं की चकाकी जाते आणि ती घासून परत येत नाही. मोगरा, तुमच्या खिडकीच्या पट्टीला किंवा दाराच्या उंबऱ्याला कडप्पा असेल तर तिथे लिंबूसत्व अजिबात नको. साध्या भांड्यांच्या साबणाचं पाणी पुरतं.

मोगरा | २५ जून, सकाळी १०.४०

खिडकीच्या पट्टीला कडप्पाच आहे! आणि मी परवा नळाचं फडकं तिथेच ठेवलं होतं. आत्ता जाऊन पाहिलं, हाताच्या पंजाएवढा भाग फिकट, धुरकट झालाय. राहू दे. आता पुढे तिथे काही ठेवणार नाही.

पवनाकाठ | २६ जून, दुपारी १.००

आमच्याकडे चिंचवडला नोव्हेंबर २०१९ पासून एक दिवसाआड पाणी. पुण्यातही गुरुवारी पाणी बंद ठेवलं की शुक्रवारी सकाळी कमी दाबाने येतं, कधी गढूळ. हा गाळ नवीन नळांच्या तोंडातल्या जाळीत, एरेटरमध्ये अडकतो. नळाची धार वाकडी यायला लागली की प्लंबर बोलावू नका. तोंडाची ती चकती फडकं धरून हाताने फिरवली की सुटते. आत पाहाल तर वाळूचे कण आणि पांढरे खडे. व्हिनेगरमध्ये तासभर बुडवा, जुन्या टूथब्रशने घासा, परत लावा. शॉवरला प्लास्टिकच्या पिशवीत व्हिनेगर भरून ती रबरबँडने त्याच्या तोंडाला बांधायची, तासाभराने काढायची. रबराच्या बारीक टोकांचे शॉवर असतील तर नुसतं बोटाने चोळलं तरी थर सुटतो.

सोसायटीत सॉफ्टनर बसवलाय का हेही विचारा. त्यात रेझिन असतं, ते कॅल्शियम-मॅग्नेशियम धरून ठेवतं आणि पाण्यात सोडियम सोडतं. ठरावीक दिवसांनी मिठाच्या पाण्याने ते रेझिन धुवावं लागतं. आमच्याकडे यंत्र होतं, पण वर्षभर कोणी मीठच घातलं नव्हतं. सगळे म्हणत होते यंत्राचा उपयोग नाही.

शुश्रूषा | २६ जून, रात्री ८.२०

मी घरी येणाऱ्या ज्येष्ठांची फिजिओथेरपी करते. सासूबाईंसाठी दोन गोष्टी.

कठीण पाण्यात साबणाचा फेस होण्याआधी साका होतो. फरशीवरची ती चिकट, पांढुरकी साय हेच घसरण्याचं मोठं कारण. मॅट टाईलच्या खडबडीतपणात ती साठत जाते आणि मग टाईल घसरू न देणारी राहत नाही. आठवड्यातून एकदा कोमट पाणी, भांड्यांचा साबण आणि मध्यम कडक ब्रश. फिनाइलने वास येतो, साय निघत नाही.

आणि कमोडजवळचा दांडा. महिन्यातून एकदा तुम्ही स्वतः दोन्ही हातांनी धरून पूर्ण वजनाने ओढून बघा. किंचित जरी हलला तरी त्या दिवशीच स्क्रू आवळून घ्या. ज्यांचे गुडघे दुखतात त्या दांड्याला धरतात असं नाही, त्या त्याच्यावर सगळं अंग टाकतात.

खाली रबरी मॅट टाकत असाल तर रोज उचलून उभी ठेवा. खालची ओल वाळत नाही आणि पहिली बुरशी तिथेच येते.

सातवा_मजला | २७ जून, सकाळी ९.००

एक राहिलं. जेट स्प्रेचा अँगल कॉक वापरानंतर बंद करायचा, नुसती टोटीची कळ सोडून भागत नाही. बूस्टर पंपाचा सगळा दाब त्या लवचीक नळीवर राहतो. आमच्या इमारतीत एका घरी सगळे गावाला गेले असताना नळी फुटली. दोन दिवसांनी जिन्यावरून पाणी खाली आलं तेव्हा कळलं. गावाला जाताना बाथरूमचा मुख्य कॉकच बंद करा.

मोगरा | ५ डिसेंबर, सकाळी १०.३०

धागा वर काढतेय. जून-जुलैत इपॉक्सी करून घेतलं, मी समोर स्टूल टाकून बसले होते. पावसाळाभर रोज वायपर, रोज एक्झॉस्ट. जॉइंट जसेच्या तसे आहेत. मावशी आता साबण आणि ब्रशनेच घासतात.

पण दिवाळीपासून न्हाणी ट्रॅपमधून पाणी सावकाश जातंय आणि आठवडाभर तर अंघोळ करताना घोट्याएवढं साचतं. शिवाय छोट्या बाथरूममध्ये, जी आम्ही आता फारशी वापरत नाही, गटाराचा वास येतो. दोन्हीचं कारण एकच आहे का?

कोबा_ते_छत | ५ डिसेंबर, दुपारी १२.१०

नाही, वेगवेगळी आहेत. छोट्या बाथरूमचं सोपं. ट्रॅपच्या वाकात दोनेक इंच पाणी कायम साठलेलं असतं, तेच गटाराचा वास आणि झुरळं अडवतं. वापर नसला की ते वाळून जातं. आठवड्यातून दोनदा तांब्याभर पाणी ओता, वास जाईल.

मोठ्या बाथरूमचं, दिवाळीला अभ्यंगस्नान झालं असेल ना सगळ्यांचं?

मोगरा | ५ डिसेंबर, दुपारी १२.२५

हो, चारही दिवस. तेल-उटणं सगळं. आणि सासूबाई रोजच खोबरेल लावून अंघोळ करतात.

प्रयोगशाळा | ५ डिसेंबर, दुपारी १.००

मग उत्तर मिळालं. खोबरेल साधारण २४ अंशांच्या खाली गोठतं. घरातली बाटली थंडीत घट्ट होते ना, तसंच ते ट्रॅपमध्येही होतं. त्यात उटण्याची पूड आणि केस मिसळले की दाट गोळा तयार होतो. उन्हाळ्यात हेच तेल वाहून जायचं.

कोबा_ते_छत | ५ डिसेंबर, दुपारी १.२०

जाळी उचला, आतली वाटी असेल तर काढा, रबरी हातमोजा घालून जे हाताला लागेल ते बाहेर काढून कचऱ्यात टाका. मग अंघोळीला घेतो तेवढं गरम पाणी दोन बादल्या, सोबत भांड्यांचा साबण. उकळतं पाणी ओतू नका, पीव्हीसीचा पाइप मऊ पडतो. ड्रेन साफ करायची तीव्र पूडही नको, ती पाण्यात विरघळताना खूप तापते आणि त्यानेही पाइप मऊ पडतो. पुढच्या दिवाळीला जाळीवर जुन्या सुती साडीचा तुकडा ठेवा, उटणं वरच अडेल.

पवनाकाठ | ५ डिसेंबर, दुपारी २.००

थंडीचा विषय निघालाच आहे तर गिझर. पाणी तापायला पूर्वीपेक्षा वेळ लागतोय, आतून कढ आल्यासारखा आवाज येतोय, तर कॉइलवर थर बसलाय. बोअरच्या पाण्यावर वर्षातून एकदा सर्व्हिसिंग करून घ्या आणि आतला मॅग्नेशियमचा अ‍ॅनोड रॉड उघडून दाखवायला सांगा. टाकी गंजू नये म्हणून तो स्वतः झिजतो. झिजून तार उरली असेल तर बदला. तापताना सेफ्टी व्हॉल्व्हमधून थोडे थेंब पडतात ते ठीक असतं, ते बंद करायला बूच मारू नका.

मोगरा | ७ डिसेंबर, सकाळी ९.१५

ट्रॅपमधून निघालेला गोळा लिंबाएवढा होता, पांढरट, वर केसांचं जाळं. आता पाणी गोल फिरत एकदम खाली जातं. छोट्या बाथरूममध्ये देवपूजेनंतर तांब्याभर पाणी ओतायचं काम सासूबाईंनी आपणहून घेतलंय. गिझरवाल्याला शनिवारी बोलावलंय, रॉड दाखवायला सांगेन.

काल खालच्या काकांकडे गेले होते. जूनपासून छताचा डाग रेघेबाहेर गेलेला नाही, आता हाताला कोरडा ठणठणीत लागतो, फक्त पिवळट कड राहिली आहे. रंग मी लावून देते म्हटलं. काका म्हणाले, "पुढचा पावसाळा जाऊ दे, मग बघू." तारखांसकट पेन्सिलच्या दोन्ही रेघा त्यांनी तशाच ठेवल्यात.